लिंबूमास्तरांचा डावा हात

लिंबूमास्तरांच्या डाव्या हाताची बोटं कधी पूर्ण सरळ होत नसत. मधलं बोट बाहेर कललेलं, करंगळी पेरात अडकलेली आणि अंगठ्याचं नख कायम काळंनिळं. ही सगळी आम्हा शिष्यांची कर्तबगारी. कांदिवलीला, पोयसरच्या अलीकडे, देवळामागच्या मोकळ्या जागेत ते लाठी शिकवायचे. तास संपत आला की डाव्या तळहातावर एक लिंबू ठेवून हात पुढे धरायचे. "ये. पुऱ्या जोरानं ये आणि लिंबाला टेकून थांब." ते कुणालाच जमायचं नाही, कारण काठी खाली येत असताना मास्तर तो हात जरासा पुढे सरकवायचे. मग काठी बसायची ती बोटांवर. मास्तर हात झटकायचे, गवतात लिंबू शोधायचे आणि पुढच्याला बोलवायचे.

"मास्तर, हात हलवता कशाला? मी बरोबर थांबले असते," मी एकदा चिडून म्हटलं. मारलं मी आणि चिडलेही मीच.

"समोरचा माणूस हलणारच गं बाय. तो काय खांब आहे?" एवढंच म्हणाले आणि फुंकर मारत बसले.

मास्तर मूळचे मालवणकडचे. संपानंतर कापडाची गिरणी बंद झाली ती झालीच, तेव्हा ते पिठाच्या गिरणीत लागले. संध्याकाळी तिथूनच थेट यायचे, त्यामुळे भुवया पांढऱ्या, कानांच्या पाळ्या पांढऱ्या. माझे वडीलही त्याच संपात घरी बसलेले. मला लाठीला पाठवायला आईचा विरोध होता, उद्या हिच्याशी लग्न कोण करील म्हणून. वडील म्हणाले, "घरात दोघांनी एकमेकांची तोंडं बघत बसण्यापेक्षा एक तरी बाहेर जाऊ दे." अशी माझी शस्त्रविद्येची सुरुवात झाली.

तेव्हा उपनगरात कराटेची साथ आली होती. शाळेच्या हॉलमध्ये पांढरे कपडे, रंगीत पट्टे आणि 'हू', 'हा' असे आवाज. आमच्यातली निम्मी मुलं तिकडे गेली. त्यातला एकजण मुद्दाम मास्तरांना दाखवायला मंगलोरी कौलं घेऊन आला. विटांवर कौलं रचून त्यानं ती हाताच्या एका फटक्यात फोडली. आम्ही चाट पडलो. मास्तर वाकून तुकडे गोळा करायला लागले, कारण तिथे मुलं अनवाणी खेळायची. "कौलानं तुझं काय वाईट केलं होतं?" त्यांनी त्याला विचारलं. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. त्यांना खरंच ते जाणून घ्यायचं असावं असं मला वाटलं. तो मुलगा बिचारा ओशाळला.

फोडणं, पाडणं याचं त्यांना काहीच कौतुक नसे. "मारायला रेडासुद्धा मारतो," ते म्हणायचे. "काठी वर नेताना ती तुमची असते. खाली येताना ती तुमची राहते का, एवढंच बघायचं." म्हणून सगळं हळू. पवित्रा हळू, फिरवणं हळू. कुणी घाई केली की लांबूनच "हळूऽ" अशी हाक यायची. ती ऐकली की आमचे हात आपोआप जड व्हायचे.

आमच्यात खरी हुशार ती शैला. माझ्याच वर्गातली, मास्तरांची पुतणी. ती पाळण्यात असतानाच तिचे वडील गेले. गावी पायात खिळा घुसला आणि धनुर्वात झाला, असं तिला सांगितलेलं. त्यानंतर मास्तर भावजय आणि पुतणीला घेऊन मुंबईला आले. स्वतः लग्न केलं नाही. शैलाची आई डोक्यावरून पदर घेऊन तास संपायच्या वेळी पिशवी घेऊन यायची आणि मार खाल्लेली लिंबं घरी न्यायची. त्यांचं लोणचं व्हायचं. झकास व्हायचं, आम्ही सगळ्यांनी ते चाटूनपुसून खाल्लंय. मास्तरांच्या ताटात मात्र ते कधी वाढलेलं दिसलं नाही. मला वाटायचं, त्यांना आंबट सोसत नसेल.

त्यांच्या खोलीच्या माळ्यावर कापडात गुंडाळलेलं एक लांब बोचकं होतं. त्यात पट्टा होता, म्हणजे कोपरापर्यंत हातात चढवायची लवलवती तलवार. दसऱ्याला मास्तर आमच्या काठ्यांची पूजा करायचे आणि त्या बोचक्यावर, ते न सोडताच, एक झेंडूचं फूल ठेवायचे. शैलाचा जीव त्या पट्ट्यात अडकलेला. "काका, मला पट्टा कधी शिकवणार?" "लिंबावर थांबलीस की." म्हणून ती पोरगी वेड्यासारखी मेहनत करायची. आम्ही घरी गेलो तरी ती एकटीच हवेत काठी आणून थांबवत राहायची.

मग गावाहून त्यांची एक म्हातारी आत्या कुणाच्या तरी लग्नाला म्हणून आली. शैलानं हौसेनं तिला माळ्यावरचं बोचकं दाखवलं, आपण आता हे शिकणार म्हणून सांगितलं. म्हातारी बोलून गेली, "तुझ्या बापाशीक धनुर्वात झालो तो खिळ्यान नाय गो. ह्येच्या पट्ट्यान." गावच्या जत्रेत मास्तर पट्टा फिरवायचे आणि शेवटी धाकट्या भावाच्या तळहातावर ठेवलेलं लिंबू कापायचे. दरवर्षी कापायचे. त्या वर्षी हात कापला. जखम फार मोठी नव्हती. हळद भरून दोघे भाऊ हसले आणि जेवायला बसले. दोन आठवड्यांत धाकटा गेला.

दुसऱ्या दिवशी मैदानात येताना शैलानं मला हे सगळं सांगितलं. ती रडत नव्हती. तिनं रडायला हवं होतं असं मला वाटत राहिलं. काठी तिनं इतकी घट्ट धरली होती की मला तिच्या शेजारून चालायची भीती वाटली.

मास्तरांना कळलं होतं. तिच्याकडे पाहूनच कळलं असावं. त्या दिवशी त्यांनी काहीच शिकवलं नाही. आल्याआल्या तळहातावर लिंबू ठेवलं आणि हात पुढे केला. पुढे शैला, मागे आम्ही सगळे, आणि बाजूला पिशवी घेऊन उभी शैलाची आई. "हळू" असं मास्तर म्हणतील म्हणून मी वाट बघत होते. ते म्हणाले नाहीत.

शैला धावत आली. काठी डोक्यामागून पूर्ण जोरानं निघाली, आणि मास्तरांनी हात हलवला. नेहमीसारखा जरासा नाही. छडी खाणारं पोर हात वर करतं तसा त्यांनी तो काठीच्या दिशेनं उचलला. मी डोळे मिटले. आवाज आला नाही. उघडले तेव्हा काठी त्या वाकड्या बोटांच्या जेमतेम वर हवेतच उभी होती आणि लिंबू गवतात घरंगळत होतं.

"मार शैले," मास्तर म्हणाले.

"हात खाली घ्या, काका."

"त्यानं हात पुढे केला होता गं," मास्तर बोलायला लागले. आवाज त्यांचा वाटत नव्हता. "लिंबू मला नीट दिसावं, मला सोपं जावं म्हणून. हलगी वाजत होती, लोक ओरडत होते. त्यानं हात पुढे केला, ते मी बघितलं. बघितलं, पण थांबता आलं नाही."

तो हात तसाच पुढे राहिला. त्यांना तो खाली घेता येईना. शेवटी शैलानं काठी टाकली, दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला आणि हळूहळू खाली आणला. मग ती रडली. दिराशी कधी थेट न बोललेली तिची आई पुढे आली आणि म्हणाली, "भावजी, चला घराक." लिंबू त्या दिवशी कुणी उचललं नाही.

त्यानंतर मास्तरांनी तळहातावर लिंबू घेतलं नाही. दसऱ्याला बोचकं सोडून पट्टा शैलाच्या हातात चढवला आणि स्वतः बाहेर जाऊन बसले. पुढे ते गावी निघून गेले. देवळामागे इमारत झाली. शैला आता दिंडोशीला राहते, मुलींना लाठी शिकवते. ती लिंबू दोरीला टांगून झुलवते आणि त्यावर काठी थांबवायला लावते.

मी काही कुणाशी लाठीनं लढले नाही. पण राग अनावर होऊन एखाद्याला तोडून बोलायला तोंड उघडलं की समोर तो हात येतो, वाकड्या बोटांचा, पुढे सरकणारा. मी थांबते. लोक मला शांत म्हणतात. त्यांना काय माहीत, मला दर वेळी किती भीती वाटते ती.

मास्तर वारल्यावर मी शैलाला भेटायला गेले होते. शेवटच्या आजारपणात ती गावी त्यांच्याजवळ होती. म्हणाली, शुद्ध हरपली तरी काकांचा डावा हात खाटेबाहेर यायचा आणि तळवा उघडा ठेवून तसाच पुढे राहायचा. किती वेळा पांघरुणात घातला तरी परत बाहेर यायचा. शेवटी एका दुपारी तिनं परसातलं लिंबू आणून त्या तळव्यावर ठेवलं आणि त्यावर आपला हात ठेवून बसली.

"मग गं?" मी विचारलं.

"मग बोटं मिटली," शैला म्हणाली. "आणि झोप लागली त्यांना."