न कळणारी गाणी

निवृत्त झाल्यापासून ह्यांनी दर रविवारी जुन्या बाजारातून गाण्यांच्या तबकड्या आणायचा सपाटा लावलाय. त्याही ओळखीच्या नाहीत. कुठल्या देशाचे ढोल, कुठले घशातून घुमणारे आवाज. वेष्टनावरची अक्षरंसुद्धा वाचता येत नाहीत. त्यांच्यावरच्या धुळीनं मला शिंका येतात ते वेगळंच.

"कळत नाही तर आणता कशाला?" मी वैतागून विचारलं.

"कळत असतं तर कशाला आणलं असतं?" हे म्हणाले.

काल नव्या तबकडीवर एक बाई गायला लागली. भाषा अगम्य. "बाळाला झोपवतेय," ह्यांनी जाहीर केलं.

मी कणकेच्या हातांनीच बाहेर आले. "काहीतरीच! नवऱ्याशी भांडतेय ती. ऐका, तोच शब्द कसा आपटतेय."

त्यावरून आमची चांगलीच जुंपली. तबकडी संपली, सुई नुसतीच खरखरत राहिली, तरी आमचं चालूच. मुलगी सासरी गेल्यापासून भाजी आणि औषधं सोडून आम्ही इतकं बोललोच नव्हतो. आणि बोलायला लावलं कुणी, तर जिचं एक अक्षरही कळत नाही अशा बाईनं.

"पुन्हा लावू?" ह्यांनी विचारलं.

"लावा," मी म्हणाले, "पण भांडतेच आहे ती."