उमेदवारीच्या अक्षता

काल हिवाळी कोट झटकला तर खिशातून चार लाल तांदूळ पडले आणि मला ती संध्याकाळच आठवली बघा. आमच्या सुनेला इथे जर्मनीत, बाड हॉम्बुर्गमध्ये नगरसेवक व्हायचं होतं, पण आधी पक्षाच्या सभासदांनी सभेत मत देऊन तिला उमेदवार म्हणून निवडायला हवं होतं. ती अगदी रडवेली झाली होती. "आई, आपल्या गल्लीतले म्हातारे सभासद आले तरच माझं जमेल, पण ते पत्र वाचतात आणि घरीच बसतात." अगं, नुसत्या पत्राने कुणी येतं का? मला मत नव्हतं, पण पाय तर होते! तांदळाला कुंकू लावलं, घरोघरी गेले, लग्नाचं बोलावणं करतात तशा एकेकाच्या हातावर अक्षता ठेवल्या आणि मोडक्या जर्मनमध्ये सांगितलं, "गुरुवारी सहा वाजता, नक्की यायचं!" गुरुवारी सभागृहात ओल्या कोटांचा वास आणि दाराबाहेर ही रांग! खुर्च्या कमी पडल्या. दारातल्या बाईंनी सभासद-कार्ड मागितलं, तर आमच्या वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी ऐटीत मूठ उघडून तांदूळ दाखवले. त्यांच्या मागच्या आजींनीही पर्समधून तेच काढले. त्यांना वाटलं, हाच पास! चिठ्ठ्या मोजून झाल्या आणि सून धावतच आली, "आई, झालं!" मी तिला मिठी मारतेय तोवर आजोबा पुढे आले आणि तांदूळ माझ्या हातावर ठेवून म्हणाले, "काम झालं, आता परत घ्या." तेच हे दाणे. काल वेचले आणि आता निवडून येऊन नगरपालिकेच्या बैठकीला निघालेल्या सुनेच्या डोक्यावर टाकले.