परक्या आभाळातली लेक

धाराशिवच्या बसस्थानकावर अंबादासराव वाहतूक नियंत्रक होते आणि मी कंडक्टर. एवढा भित्रा माणूस मी जन्मात दुसरा पाहिला नाही. पाल चुकचुकली तरी बायकोला, शामलावहिनींना विचारणार, "काही वाईट तर न्हाय ना?" गाडी सोडताना प्रत्येक ड्रायव्हरला "जपून, जपून" असं दोनदा सांगायचे, म्हणून माघारी आम्ही त्यांना 'जपून साहेब'च म्हणायचो.

पण ती भीती अगदीच बिनबुडाची नव्हती. आपल्या गाड्या कर्नाटकात जातात, त्यांच्या आपल्याकडं येतात. दोन सरकारांचा तसा करार आहे. सीमेचा वाद पेटला, की पहिला दगड मात्र एसटीच्या काचेवर. एकदा अंबादासरावांनी सोडलेल्या कलबुर्गीच्या गाडीत मीच होतो. कुणा टारगटांनी ती फोडली आणि मी कपाळाला टाके घेऊन परतलो. तेव्हापासून पलीकडं गेलेली शेवटची गाडी परत येईपर्यंत हा माणूस ड्युटी संपली तरी घरी जात नसे.

अशा बापाची एकुलती एक लेक डॉक्टर व्हायला गेली कुठं, तर ताश्कंदला! श्रिया हट्टाला पेटली, वहिनींनी साथ दिली, यांचं काही चाललं नाही. आपलं आणि उझबेकिस्तानचं चांगलं जमतं, दिल्लीहून थेट विमान आहे, अशी समजूत घालून तिनं बापाला गप्प केलं. पहिली काही वर्षं सुरळीत गेली. मग आपलं पाकिस्तानशी बिनसलं आणि पाकिस्ताननं आपल्या विमानांना त्यांचं आभाळ बंद केलं. आपल्या कंपनीची ताश्कंदची विमानं थांबली. उन्हाळ्याच्या सुट्टीला घरी यायचं म्हणून श्रियानं तिकडच्याच कंपनीचं तिकीट काढलं.

ती निघाली त्या दुपारी अंबादासराव माझ्या दारात आले. पायात चपला नव्हत्या.

"सिद्धेश्वर, मोबाइलवर विमान दिसतंय म्हणं. माझ्या लेकीचं कुठवर आलंय बघ बरं."

मी त्यांच्या घरी जाऊन बसलो आणि विमान शोधून दिलं. नकाशावर पिवळं विमान हळूहळू सरकत होतं. त्यांनी चष्मा पुसला, वाकून पाहिलं आणि एकदम ओरडले, "अरे, खाली लाहोर लिहिलंय! हे पाकिस्तानावरून यायलंय!"

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "मला माहीत होतं. तुम्हाला सांगितलं असतं तर तिला येऊ दिलं असतं का तुम्ही?"

अंबादासराव भिंतीला टेकून खालीच बसले. ओठ पांढरे पडले होते. मी समजावलं, "अहो, बंदी आपल्या विमानांना हाय. हे उझबेकांचं. आपल्या एसटीचंच बघा, सीमेचं भांडण आपलं आणि कर्नाटकाचं. तेलंगणाच्या गाडीला कुणी दगड मारतंय का?"

"दगड पाटी बघून मारत असतील," ते म्हणाले, "पण काच आत बसलेल्याला लागती. गाडी कुणाची का असंना, आतली लेक माझी हाय ना?"

नेमकं तेव्हाच ते पिवळं विमान थांबलं. बोटानं हलवलं, बंद करून पुन्हा उघडलं, तरी जागचं हलेना. रेंज गेली असेल, असं मी त्यांच्यावर खेकसलो. पण खरं सांगतो, मीही मनातल्या मनात 'जपून, जपून' म्हणत होतो. वहिनी देवापुढं जाऊन उभ्या राहिल्या.

"एकदा खाली उतरू दे तिला," अंबादासराव पुटपुटत होते. "परत पाठवायचं न्हाय. डॉक्टरकी गेली खड्ड्यात."

"शेवटचं वर्ष राहिलंय हो तिचं," वहिनी तिथूनच रडत म्हणाल्या.

"राहू दे! लेक तर राहील!"

नकाशा हलला तेव्हा विमान सीमेच्या अलीकडं आलेलं होतं. तरीही कुणी हसलं नाही. ते दिल्लीला उतरल्याचं दिसलं, मग बऱ्याच वेळानं फोन वाजला. वहिनींनी स्पीकर लावला.

"बाबा," श्रियाचा आवाज रडवेला होता, "मी सगळा रस्ता डोळे गच्च मिटून बसले होते. लई भीती वाटली. बाबा, मी परत जाणार न्हाय."

वहिनींनी पदर तोंडाला लावला. मी अंबादासरावांकडं पाहिलं. त्यांना जे हवं होतं ते न मागता पदरात पडलं होतं. नुसतं 'बरं' म्हटलं की झालं. पण लेकीच्या आवाजात त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू आला असावा.

"श्रिया," शेवटी ते म्हणाले, "तुझ्या शेजारी कोण बसलं होतं?"

"कुणी न्हाय. रिकामी होती सीट."

"मग जाताना तिथं मी बसतो."

"तुम्ही? विमानात?"

"हो. पाकिस्तानावरून. माझं तिकीट काढ."

मग फोनवर वाकून दोनदा म्हणाले, "घरी जपून ये, जपून."