भिंतीवरची पोरगी

औशात लातूर रस्त्याला आमचं घर आहे. रस्त्याकडची कंपाउंडची भिंत बावीस फूट लांब, पाच फूट उंच. समोर शाळा. ही भिंत मी माझ्या हातानं शत्रूला दिली, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी दुसऱ्यांना बरंच वाईट बोलणार आहे.

दिवाळीच्या आधी नांदेडकडचा एक पेंटर शिडी घेऊन दारात आला. आमच्याकडे रस्त्यावरच्या घरांना ही सवयच आहे. बाहेरची बाजू कंपनीच्या जाहिरातीला द्यायची, बदल्यात आतली बाजू फुकट रंगवून मिळते.

“मामा, आतून पिवळा मारून देतो. बाहीर आमचं चित्र. दोन वर्सं पुसायचं न्हाई, वरून रंग द्यायचा न्हाई. बस.”

“कशाची जाहिरात? गुटख्याची नको.”

“न्हाई हो मामा. लेकरांचं हाय. दुधात टाकायची पावडर.”

लेकरांचं म्हटल्यावर मी हो म्हणालो. दोन्ही अटी त्याच्याकडून पुन्हा म्हणून घेतल्या आणि शब्द दिला. तिसऱ्या दिवशी भिंतीवर एक पोरगी उभी राहिली. दोन वेण्या, नारिंगी फ्रॉक, हातात ग्लास, आणि एका उडीत अडथळा पार. मागे एक मुलगा धापा टाकत बसलेला, शेजारी त्याचा जेवणाचा डबा. खाली हातभर उंचीची अक्षरं: ‘पिणारे पुढे, बाकी मागे!’

माझी मुलगी तेव्हा दुसरीत होती, नुकतीच वाचायला लागली होती. शाळेतून आली की ती ओळ मोठ्यानं वाचायची आणि मग आत यायची. तीच पोरगी टीव्हीवरही होती. एका रविवारी मी कार्टूनच्या एका तासात कागदावर रेघा मारत बसलो. खाण्यापिण्याच्या अकरा जाहिराती झाल्या, त्यांत ही चार वेळा. मी कागद बायकोला दाखवला. ती म्हणाली, “टीव्ही बंद करता येतो. भिंत कशी बंद करणार?”

पावडर घरात आली. पहिल्या महिन्यात एक ग्लास, दिवाळीनंतर दोन, उन्हाळ्यात तीन. भाकरीचं ताट मात्र सरकत सरकत लांब गेलं. डबा जसाच्या तसा परत यायला लागला.

“भाकर खाल्ली की माणूस मागं राहतं,” ती एकदा म्हणाली.

मी हसलो. ते हसणं ही माझी दुसरी चूक.

पुढच्या जानेवारीत शाळेत तपासणी झाली. वजन बावीस किलो. चौदा महिन्यांपूर्वी साडेतेवीस होतं. या वयात चढायचं वजन उतरलं होतं. डॉक्टरांनी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि रक्त तपासायला लावलं. हिमोग्लोबिन आठ पूर्णांक सहा. साडेअकराच्या वर हवं होतं.

“काय खाती बाळा?”

“मी खात नाही. मी पिते,” ती अभिमानानं म्हणाली.

डॉक्टर माझ्याकडे वळले. “दूध पिऊन पिऊन भूक मारलीय पोरीची. अन्न पोटात गेलं तर रक्त होईल ना साहेब.”

मी डाळमिलमध्ये काट्यावर असतो. तुरीचा नमुना तोलायचा एक लहान काटा तिथं आहे. दुसऱ्या दिवशी मी पावडरीचा डबा तिकडे नेला. मुलीचा एक चमचा नऊ ग्रॅमचा भरला. ती एका ग्लासात पाच चमचे टाकायची, दिवसातून तीनदा. डब्यावरची बारीक अक्षरं भिंगातून वाचली आणि गुणाकार केला. दिवसाला पन्नास ग्रॅम साखर. घरी येऊन तेवढी साखर वाटीत काढून मी बायकोसमोर ठेवली.

तिनं वाटी उचलून हातात तोलली. मग म्हणाली, “पोरीला बोलू नका. भिंत तुम्ही दिली.”

त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. चुन्याची बादली दोनदा भरली, दोनदा ओतली. शब्द दिला होता: पुसायचं नाही, रंग द्यायचा नाही. मुदत संपायला अजून नऊ महिने होते. पण भिंतीपुढं काय ठेवायचं, यावर आमचं काहीच बोलणं झालं नव्हतं.

मार्चमध्ये ज्वारी निघाली. आमच्या निलंग्याच्या शेतातून मी दोनशे पेंढ्या कडबा मागवला आणि भिंतीला लावून उभा केला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. पोरगी वेण्यांसकट ज्वारीच्या धाटांमागे गेली. मला जे बरं वाटलं ते लपवत नाही.

एप्रिलमध्ये पेंटर कंपनीसाठी फोटो काढायला आला.

“मामा! हे काय करून राहिले तुम्ही?”

“पुसलं का मी?”

“न्हाई.”

“रंग दिला?”

“न्हाई, पण दिसंना की काहीच!”

“दिसायचं कुठं ठरलं होतं?”

तो डोक्याला हात लावून खाली बसला. “लई बेरकी हाव मामा तुम्ही. साहेबाला काय सांगू मी?”

“सांग, बाकी मागे.”

पेंटरचा दोष नव्हता. मला ते कळत होतं. तरी मी एक पेंढी हलवली नाही. जूनमध्ये धाकटा भाऊ आला आणि ओरडला, “दादा, येडा झालास का? जनावराच्या तोंडचं कुजवायलास!” कुजू दिलं.

जानेवारीत पावडर बंद केल्यावर मुलीनं तीन दिवस ताट ढकललं. चौथ्या दिवशी गूळ-शेंगदाणे खाल्ले, मग चतकोर भाकरी, तीही मान खाली घालून. पावसाळ्यात ओला कडबा काळा पडला, तेव्हा तिनं जेवता जेवता विचारलं, “बाबा, आत तिला श्वास कसा येत असेल?”

“गुदमरू दे,” मी म्हणालो.

ती ताटावरून उठली. मी नको ते बोललो होतो, आणि माझ्या तोंडामुळे पोरीचं एक जेवण गेलं. श्रावणात रक्त दहा पूर्णांक तीन झालं होतं. अजून पुरेसं नव्हतं.

दिवाळीत मुदत संपली. त्याच सकाळी कुजका कडबा ओढून बाजूला केला आणि तारेचा ब्रश घेतला. मुलगी मागोमाग आली.

“बाबा, ग्लास खोडा. तोंड ठेवा.”

मी तोंडापासूनच सुरुवात केली. ती ओरडली, रडली, मग पाय आपटत आत गेली. स्वयंपाकघरातून तिचा आवाज रस्त्यापर्यंत आला.

“आई, भाकर दे. मोठी दे. मला बाबाला ढकलायचंय.”

दीड भाकर खाऊन ती आली आणि दोन्ही हातांनी मला ढकललं. मी हललो, ब्रश हातातून सुटला. तो उचलला आणि पुन्हा त्या तोंडावरच चालवला.