देठाशी हुंगलेला आंबा

आमच्या कॅनिंगच्या कारखान्यात माझ्याबरोबरचा एक जण आंबे निवडायचा. आंबा देठाशी हुंगून, न कापता, आतून नासलाय का ते सांगायचा. हल्ली कमी विजेवर चालणाऱ्या एआय चिपा बनवणाऱ्या एका कंपनीचे शेअर घ्यायचा. "उद्या आपल्या बंदरातल्या होडीहोडीत हीच चिप बसेल, बघशील तू," म्हणायचा.

यंदा त्याच कंपनीची चिप बसवलेलं निवडीचं यंत्र आमच्याकडे आलं. निवडणाऱ्या बायका घरी गेल्या, त्यांत त्याची बायकोही. त्याला यंत्रावर लक्ष ठेवायला ठेवलं.

परवा यंत्राने पास केलेला एक आंबा त्याने सवयीने हुंगला, तोंड वाकडं केलं आणि परत चांगल्या आंब्यांतच ठेवला.

"कुठे बोलू नको हां," मला म्हणाला. "शेअर पडतील."

मी बोललो नाही. त्याच्या नादाने मीही थोडे घेतलेत.