वादळ आणि भाजणीचा डबा

वडील कलकत्त्यात खिदिरपूरच्या गोदीत नोकरीला होते, त्यामुळे वादळाची बातमी आमच्या घरी वर्तमानपत्राच्या आधी यायची. त्या वर्षी दुर्गापूजा नुकती आटोपली होती, आणि ते दारातूनच ओरडले, "गोदीवर वादळाचा बावटा चढलाय! आवरा!"

आमची जागा तळमजल्यावर. नुसत्या पावसानेही गल्लीतलं पाणी उंबरा ओलांडायचं. मग अंथरुणं कपाटावर चढायची, पिण्याचं पाणी भरलं जायचं, कंदिलाच्या काचा पुसल्या जायच्या. खिडक्या बांधणं वडिलांकडे. खलाशांकडून शिकलेल्या गाठी मारत ते दरवर्षी म्हणायचे, "जहाज सुटेल, ही गाठ सुटायची नाही." ते खरंच असे. वादळ गेल्यावरही कितीतरी दिवस आमच्याकडे भर दुपारी दिवा लागे.

आईला काळजी एकाच डब्याची. चकलीची भाजणी. कोणी बदलून कलकत्त्याला येणार असलं की आत्या त्यांच्याबरोबर ती पुण्याहून पाठवायची. घरी केलेली आईच्या मते 'तशी' होत नसे. तिला ओल लागली, तर दिवाळीला चकली नाही.

"वर माशीमांकडे ठेवून ये," आई म्हणाली. माशीमा म्हणजे वरच्या मजल्यावरच्या बंगाली घरमालकीणबाई. "नीट सांग, वादळ सरेपर्यंत ठेवा म्हणून."

कॉन्व्हेंटमध्ये मी इंग्रजी कविता घडाघडा म्हणायचे. पण कोणाच्या दारात उभं राहून बोलायचं म्हटलं की मी आईच्या पदरामागे लपायचे. जिन्यात वाक्य घोळवत वर गेले. पूजेनंतर मिठाई घेऊन एकमेकांकडे जायचे ते दिवस. माशीमांनी डबा पाहिला, "ओ मा, एवढं कशाला आणलंस!" म्हणून तो घेतला, आणि मी तोंड उघडताच त्यात संदेश मिठाईचा अख्खा तुकडा कोंबला. तो गिळेपर्यंत डबा आत गेला होता.

"सांगितलंस ना?" आईने खाली विचारलं. मी मान हलवली. कशी, ते तिने पाहिलं नाही.

वादळ दुसऱ्याच किनाऱ्याला गेलं. आमच्याकडे चार थेंब पडले. दुसऱ्या दिवशी माशीमा स्वतः डबा घेऊन खाली आल्या. डबा रिकामा परत करू नये, ही रीत त्यांच्यातही होती. आईने झाकण उघडलं. आत तळलेल्या इलिश माशाचे तुकडे, वर धण्याजिऱ्याच्या वासाचं खमंग आवरण.

"काय पीठ पाठवलंत!" माशीमा म्हणाल्या. "इतका कुरकुरीत मासा कधी झाला नव्हता!"

आमच्या घरात अंडंसुद्धा येत नसे. आईने माशाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "विचार," ती दबक्या आवाजात मराठीत म्हणाली, "उरलंय का."

जिन्यात घोळवलेलं सगळं तेव्हा एकदम बाहेर पडलं, चक्क बंगालीत: ते आमच्या दिवाळीचं पीठ आहे, फक्त ठेवायला दिलं होतं, आणि उरलंय का?

"अगं बाई, ही बोलते!" माशीमा हसता हसता पायरीवरच बसल्या. मग वर जाऊन उरलेली अर्धी भाजणी घेऊन आल्या.

त्या दिवाळीत चकल्या अर्ध्याच झाल्या, त्यातल्याही निम्म्या वर गेल्या. माशाचं काय झालं, ते आईने कधी विचारलं नाही. वडील त्या दिवशी आमच्याकडे पाठ करून खिडकीची गाठ सोडवत बसले होते, आणि तिकडून मधूनच काहीतरी कुरकुरल्याचा आवाज येत होता. गाठ सुटली नाही. डबा मात्र घासायला रिकामा मिळाला.