नानासाठी घेतलेली जोडकाठी

चाळीसगावहून सकाळच्या धुळे गाडीत बसले तेव्हा आभाळ भरलेलं होतं आणि गाडी रिकामी. पौषातलं मळकट आभाळ, ना पाऊस ना ऊन. शिंदखेड्याच्या पुढे तापीकाठच्या खेड्यात माझा थोरला भाऊ नाना राहतो. दिवाळीआधी त्याला लकवा मारला, उजवा हात गेला. परवा फोनवर त्याने एकच वस्तू मागितली, गळाची काठी.

"रीळनी नको आनू. फिरावाले दुसरा हात कथाईन आनू?" (रिळाची नको. फिरवायला दुसरा हात कुठून आणू?)

हे ऐकूनही मी धुळ्यात जो शहाणपणा केला, तो माझ्या वयाला शोभणारा नव्हता.

दुकानदाराने दोन काठ्या पुढे ठेवल्या. एक अखंड, माझ्या दीडपट उंच. दुसरी दोन तुकड्यांची, जोडावर दाबून पीळ दिला की झाली. अखंड काठीला जोर सारखा असतो, मासा हाताला लगेच कळतो, असं तो म्हणाला. पण अक्का, नेणार कशी? मी एसटीचा दरवाजा, खिडक्या, लोकांचे डोळे यांचा विचार केला आणि जोडकाठी पिशवीत घातली. वापरणाऱ्याचा हात कसा आहे, हे त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

शिंदखेड्याच्या गाडीत पिशवी पायाशी ठेवून मी स्वतःवर खूश होते. बाहेर वेचून झालेल्या कपाशीची काळी काटकं, मैलोन् मैल. आमचे वडील माळकरी, घरात मासा वर्ज्य. नाना चोरून गळ टाकायचा आणि मासे मित्रांना वाटायचा. मी तेव्हा अठराची, नुकती मॅट्रिक झालेली. दोन वेण्या आणि जगाला सुधारण्याची भारी खाज. मी चहाडी केली. वडिलांनी त्याच्या गळाचा बांबू गुडघ्यावर मोडला. खानदेशातली पहिली जोडकाठी ती, आणि तिचं श्रेय माझं.

नानाच्या सुनेने कळण्याची भाकरी (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली) आणि ठेचा वाढला. नाना डाव्या हाताने जेवला. भाकरी मोडून द्यायला मी पुढे झाले, तर ताट सरकवून घेतलं.

दुपारी आम्ही दोघं नदीवर गेलो. बंधाऱ्यामुळे तापी तुंबून राखाडी झालेली, काठाला जलपर्णी. मी पिशवीतून दोन तुकडे काढले आणि नानाचा चेहरा पाहिला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी जोडायला गेले.

"तू हात नको लावू. मनं मी जोडसू." (माझं मी जोडेन.)

खालचा तुकडा त्याने गुडघ्यांत धरला, वरचा डाव्या हाताने दाबला. पीळ देताना गुडघे सुटत. तीनदा सुटले. मी पाण्याकडे बघत बसले, कारण त्याच्याकडे बघवेना.

दोरी शेंड्यालाच बांधलेली होती. तासाभराने हिसका बसला. नानाने काठी उचलली आणि वरचा तुकडा जोडातून निसटला. दोरी, गळ, मासा सगळ्यांसकट जलपर्णीत शिरला. नानाच्या हातात उरलं अर्धं.

"एक हातना मानूसले एकच काठी लागस, शकू," तो म्हणाला. (एका हाताच्या माणसाला एकसंध काठीच लागते.) रागावला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी धुळ्याला जाऊन अखंड काठी घेतली. येताना कंडक्टर म्हणाला, "मावशी, कोणाचा डोळा काढता?" मी म्हटलं, तुमचा पहिला. त्याने हसून मला शेवटच्या बाकावर बसवलं. काठी वाटेत तिरपी. दोन बायांच्या पदरात अडकली, एका म्हाताऱ्याची टोपी पाडली. दोन तास शिव्या खाल्ल्या. दोनच तास. एवढ्यासाठी मी पहिल्यांदा ती टाळली होती.

नानाने काठी डाव्या हातात तोलली, दाराआड उभी केली, आणि मला विचारलं, चाळीसगावची गाडी कधी? मी समजले. दुपारीच निघाले.

आता नदी त्याची, काठी त्याची. मी सोबत नसले तर त्याची धडपड पाहणारं कोणी नाही. सून फोनवर सांगते, काठी कधी दाराआड असते, कधी नसते. मासा लागल्याचं अजून बोललेली नाही. मीही विचारत नाही.